तीन दात्यांची चूक

“मोठे पिनियन लावले की गाडी पळते,” हे वाक्य गेल्या वर्षी मी इतक्या ठामपणे उच्चारले होते की, ते खरे आहे काय, असे विचारावेसेही माझ्या मित्राला वाटले नाही. गाडी त्याची, मोटार त्याची, पैसे त्याचे. अक्कल तेवढी माझी. आंतरमहाविद्यालयीन शर्यतीला तीन दिवस उरले होते. रेडिओ-नियंत्रणावर धावणारी, खऱ्या मोटारगाडीच्या एक-दशांश आकाराची आमची विजेची गाडी कॉलेजच्या मैदानावर सरावाला सोडली होती. पाचव्या मिनिटाला जळक्या वार्निशचा वास आला, गाडी दोनदा आचके देऊन थांबली आणि मग कितीही कळ दाबली तरी हलली नाही.

ती मोटार माझ्या मित्राने कॅन्टीनचा चहा वर्षभर सोडून साठविलेल्या पैशांतून घेतली होती. तो रोज बैलहोंगलहून बसने येतो, घरी कन्नड बोलतो, आणि कमी बोलतो. त्या दिवशी तो एवढेच म्हणाला, “इरली बिडो,” म्हणजे ‘असू दे, सोड’. पण मला ते सोडता आले नाही. माझे चुकले कोठे, हे शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. आपल्या कॉलेजातील अनेक विद्यार्थी आता प्रकल्पासाठी अशा गाड्या बांधतात; एखाद्याची तरी मोटार यामुळे वाचावी.

दोन चाके आणि एक भागाकार

विजेवर पळणाऱ्या या गाड्यांचा छंद तसा जुना आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली ‘पोर्शे ९३४’ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित विजेची गाडी बाजारात आणली. १९८४ मध्ये तिच्याच ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ या गाड्यांनी जगभरच्या पोरांना वेड लावले. तेव्हापासून आजपर्यंत बॅटऱ्या बदलल्या, मोटारी बदलल्या. पण मोटारीचा फेरा चाकापर्यंत पोहोचविण्याची रीत बव्हंशी तीच राहिली आहे.

मोटारीच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक बसविलेले असते. त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरविते, ते स्पर. स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते केले की पहिले गुणोत्तर मिळते. पुढे गाडीच्या पोटात आणखी काही दातेरी चाके असतात. त्यांचे गुणोत्तर कारखान्यातच ठरलेले असते आणि ते माहितीपुस्तिकेत छापलेले असते. दोहोंचा गुणाकार म्हणजे अंतिम गुणोत्तर.

उदाहरणासाठी तामियाची ‘टीटी-०२’ ही गाडी घेऊ. हिचे स्पर ७० दात्यांचे, पिनियन २२ दात्यांचे आणि आतले गुणोत्तर २.६. म्हणून ७० ÷ २२ × २.६ = ८.२७. याचा अर्थ, मोटारीने सव्वाआठ फेरे घेतले की गाडीचे चाक एकदा फिरते. पिनियन २५ दात्यांचे लावले तर हाच आकडा ७.२८ होतो. आकडा लहान झाला, म्हणजे मोटारीच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक अधिक फिरले. वेग वाढला, हे खरे. पण चाकाला मिळणारा पीळ, ज्याला आपण पुस्तकात आघूर्ण म्हणतो, तेवढ्याच प्रमाणात कमी झाला. दातेरी चाके शक्ती निर्माण करीत नाहीत. वेग द्यावयाचा की पीळ, एवढीच अदलाबदल ती करतात.

हे सायकलवाल्याला सांगावे लागत नाही, आणि चोर्ला घाट चढणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला तर मुळीच नाही. चढ आला की तो खालचा गिअर टाकतो, सपाटी आली की वरचा. आपल्या छोट्या गाडीची अडचण नेमकी येथे आहे. तिला सहसा एकच गिअर असतो. एकदा पिनियन बसवून गाडी मैदानावर सोडली की वळण, चढ, गवत, सरळ रस्ता, सारे त्याच एका गुणोत्तरावर निभवावे लागते. बसचा ड्रायव्हर चुकला तर क्षणात दुसरा गिअर टाकील. आपली चूक मात्र शर्यतभर आपल्याबरोबर धावते.

एका फेऱ्यात किती अंतर?

अंतिम गुणोत्तर कळले तरी हिशेब पुरा होत नाही, कारण त्यात टायरचा आकार येत नाही. म्हणून जाणकार आणखी एक आकडा काढतात: मोटारीच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते? टायरच्या परिघाला अंतिम गुणोत्तराने भागले की उत्तर मिळते. आपण त्याला ‘सरक’ म्हणू.

६४ मिलिमीटर व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे २०१ मिलिमीटर भरतो. त्याला ८.२७ ने भागले की सरक येते २४.३ मिलिमीटर. अशा गाड्यांत ‘५४०’ नावाने ओळखली जाणारी, ३६ मिलिमीटर व्यासाची साधी मोटार असते. ती ओझे नसताना ७.२ व्होल्टवर मिनिटाला १५,००० फेरे घेते असे धरले, तर गाडी मिनिटाला ३६४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर धावेल. हा कागदावरचा वेग झाला. प्रत्यक्षात ओझ्याखाली मोटार मंदावते आणि वेग त्याहून कमी भरतो.

या आकड्याचा मोठा उपयोग असा की, पिनियन, स्पर आणि टायर या तिन्हींतील बदल तो एका मापात आणून दाखवितो. मोठे टायर लावणे म्हणजे न सांगता मोठे पिनियन लावणेच होय. ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नव्हे; ती मी कधी जोडून पाहिली नव्हती.

मोटार तापते का?

मोटार जळाल्यावर आम्ही ती घेऊन उद्यमबागेतील एका मिस्त्रींकडे गेलो. लेथवर वाकलेल्या त्या गृहस्थांनी मोटार नाकाशी नेली, हुंगली आणि म्हणाले, “मोटार जळली न्हवं, तुम्ही जाळलासा. ती बोंबलत हुती, तुमाला ऐकू आलं न्हाई.”

ते बोंबलणे म्हणजे काय, हे विद्युत्‌शास्त्राच्या वहीत होतेच. फिरणारी मोटार ही त्याच वेळी एक लहानसे जनित्रही असते. ती जितक्या वेगाने फिरते, तितका विद्युत्‌दाब ती बॅटरीच्या उलट दिशेने निर्माण करते. बॅटरीचा दाब वजा हा उलट दाब, जे उरेल तेवढेच तारेतून प्रवाह ढकलते. म्हणून मोटार भरधाव असताना प्रवाह कमी, मंदावली की जास्त, आणि अडकून पडली की सर्वांत जास्त.

गणितापुरते असे धरू की, मोटारीच्या वेटोळ्यांचा रोध ०.१ ओहम आहे आणि बॅटरी ७.२ व्होल्टची. मोटार चांगली फिरत असून उलट दाब ६ व्होल्ट असेल, तर उरलेले १.२ व्होल्ट १२ अँपिअर प्रवाह वाहवितात. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ती येथे १४.४ वॅट भरते. आता ओझे वाढून मोटार मंदावली आणि उलट दाब ४.८ व्होल्टवर आला, असे समजा. प्रवाह होतो २४ अँपिअर, आणि उष्णता ५७.६ वॅट. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट! पूर्वी घरोघरी असलेला ६० वॅटचा पिवळा दिवा आठवा आणि तो एका छोट्या पत्र्याच्या डबीत बंद करून पाहा.

एवढ्याने भागत नाही. तापलेल्या चुंबकाचे बल घटते. बल घटले की त्याच वेगाला उलट दाब कमी निर्माण होतो. म्हणजे प्रवाह आणखी वाढतो आणि मोटार आणखी तापते. अखेर तारेवरचे इनॅमल जळते आणि वेटोळी एकमेकांना टेकतात. वार्निशचा वास येतो तो तेव्हा. हल्ली ब्रश नसलेल्या मोटारी पुष्कळ वापरतात. त्यांच्यातील निओडायमियम चुंबक मर्यादेबाहेर तापले, तर गेलेले बल थंड झाल्यावरही परत येत नाही.

मिस्त्रींचे बोलणे मला मग उमगले. मोठे पिनियन लावल्यावर गाडीचा आवाज जड, घोगरा झाला होता. मी त्याला दमदारपणा समजलो होतो.

हिशेब पुन्हा मांडला

त्या रात्री वसतिगृहातील एका खोलीत बसून आम्ही दोघांनी सर्व नव्याने मोजले. आमची गाडी वर दिलेल्या आकड्यांचीच होती. स्परचे दाते मोजताना तो “ओंदु, एरडु” म्हणत होता आणि मी “एक, दोन”. त्याचे भरले ७०, माझे ६९. शेवटी एका दात्यावर खडूची खूण करून तिसऱ्यांदा मोजले, तेव्हा ७०च निघाले. आकड्यांतही त्याचेच बरोबर होते.

मी केले होते ते असे. दुसऱ्या एका कॉलेजच्या गाडीत २५ दात्यांचे पिनियन आहे असे ऐकून मी २२ चे काढून २५ चे बसविले. ‘तीनच तर दाते,’ असे मनाशी म्हणालो. पण २५ भागिले २२ म्हणजे १.१४. चाकाला तेवढाच जोर हवा असेल तर मोटारीवरचे ओझे १४ टक्क्यांनी वाढले, आणि उष्णता वर्गाने, म्हणजे २९ टक्क्यांनी.

त्याच आठवड्यात, मैदान खडबडीत म्हणून, आम्ही ६४ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर काढून ८० मिलिमीटरचे काटेरी टायर चढविले होते. त्यासाठी गाडीच्या कवचाच्या कडा ब्लेडने कापल्या होत्या. ८० भागिले ६४ म्हणजे १.२५. दोन्हींचा गुणाकार १.४२, त्याचा वर्ग दोनाच्या किंचित वर. गवताचा अडथळा अजून हिशेबात धरलेलाच नव्हता, आणि तारेतील उष्णता दुप्पट झालेली होती! सरक २४.३ मिलिमीटरवरून ३४.५ वर गेली होती. आमच्या समजुतीने आम्ही फक्त तीन दाते बदलले होते.

आणि ज्यांचा आकडा मी उचलला त्यांची गाडी? तिच्यात ब्रशविरहित, अधिक ताकदीची मोटार होती, टायर ६४ मिलिमीटरचेच होते, आणि ती सिमेंटच्या गुळगुळीत फरशीवर धावत होती. त्यांचे २५ त्यांच्यापुरते बरोबर होते. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर विचारून आपला चष्मा करावा, तसे मी केले होते.

मग बरोबर काय ठरले असते? टायर मोठे झाले तर सरक पूर्वीइतकीच ठेवण्यासाठी पिनियन लहान करावयास हवे होते: २२ × ६४ ÷ ८० = १७.६. म्हणजे १७ किंवा १८ दाते. मी २२ वरून वर गेलो. जावयाचे होते खाली!

निवड करावी कशी?

यातून आम्ही एक क्रम ठरविला. तो आता आमच्या पाळणीत आहे.

पहिली गोष्ट, माहितीपुस्तिकेतील गुणोत्तर हा आरंभ समजावा, निकाल नव्हे. टायर, मोटार किंवा बॅटरी बदलली असेल तर सरक पुन्हा काढावी. ब्रशविरहित मोटारीवर दर व्होल्टला किती फेरे, हा आकडा लिहिलेला असतो. ३३०० असे लिहिले असेल आणि बॅटरी ७.४ व्होल्टची असेल, तर ओझ्याविना फेरे झाले मिनिटाला २४,४२०. साध्या मोटारीच्या १५,००० फेऱ्यांसाठी ठरविलेले पिनियन तिला जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही.

दुसरी, शंका असेल तेव्हा लहान पिनियनपासून सुरुवात करावी. गवत, वाळू, चढ, वळणावळणांचा मार्ग यांना लहान पिनियन. गुळगुळीत आणि लांब सरळ मार्गाला मोठे. गाडी सरळ रस्त्याच्या मध्यावरच आपल्या कमाल वेगाला पोहोचून उरलेला अर्धा रस्ता नुसती किंचाळत असेल, तर एखादा दाता वाढविण्यास वाव आहे. तो रस्ता संपेपर्यंत ती वेग घेतच असेल, तर दाता कमी करावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: तापमान मोजावे. दोन मिनिटे गाडी चालवून थांबवावी आणि मोटारीच्या पत्र्याचे तापमान पाहावे. ठीक असेल तर पाच मिनिटे चालवून पुन्हा पाहावे. दुरून मोजणारा अवरक्त तापमापक आता सहज मिळतो. मात्र २०२० नंतर घरोघरी आलेला, कपाळापुढे धरावयाचा तो नव्हे. तो तापाच्या मोजणीपुरताच असल्याने त्याची पट्टी फार लवकर संपते. कारखान्यात वापरतात तसा घ्यावा. ७० अंश सेल्सिअसपर्यंत काळजी नाही, ८० ला थांबावे, असा आमचा नेम आहे. पत्रा ८० अंशांवर असताना आतली तार त्याहून बरीच तापलेली असते. तापमापक नसेल तर आधी तळहात जवळ नेऊन अंदाज घ्यावा आणि मगच बोट टेकवावे. तीन-चार सेकंद टेकवता आले तर ठीक. टेकताच मागे घ्यावे लागले तर पिनियन मोठे आहे.

चौथी, एका वेळी एकच दाता वाढवावा आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. प्रत्येक बदलानंतर एका फेरीला लागणारा वेळ वहीत लिहावा. पुष्कळदा असे दिसते की, दाता वाढविल्यावर सरळ रस्त्यावर गाडी वेगवान भासते, पण वळणातून उठताना ती रेंगाळते आणि फेरीचा वेळ उलट वाढतो. डोळ्यांना दिसणारा वेग आणि घड्याळात उतरणारा वेग एकच असतात, असे नाही.

दात्यांची जुळणी

गुणोत्तर बरोबर ठरवूनही दाते एकमेकांना नीट भिडले नाहीत, तर सारे फुकट जाते. दाते मोजण्याबरोबरच दात्याचे मापही जुळले पाहिजे. काही गाड्यांत हे माप मॉड्यूलमध्ये सांगतात, काहींत इंचाच्या पद्धतीने. ०.६ मॉड्यूलचे पिनियन आणि इंचाच्या पद्धतीतील ४८ मापाचे पिनियन नजरेला सारखेच भासतात. पण दुसऱ्याचे मॉड्यूल भरते ०.५३. ही दोन एकत्र लावली की प्लास्टिकच्या स्परचे दाते काही मिनिटांत झडतात. ओळखावयाचे कसे? आपल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर घ्यावा, पिनियनचा बाहेरचा व्यास मोजावा आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने त्याला भागावे. २२ दात्यांच्या पिनियनचा व्यास १४.४ मिलिमीटर भरला तर १४.४ ÷ २४ = ०.६, आणि १२.७ भरला तर ते दुसऱ्या जातीचे.

पिनियन बदलले की मोटारही सरकवावी लागते. ०.६ मॉड्यूलमध्ये एक दाता वाढला की दोन चाकांच्या केंद्रांतील अंतर ०.३ मिलिमीटरने वाढते. काही गाड्यांत यासाठी ठरावीक छिद्रे असतात. तेथे त्या छिद्रांना चालतील तीच पिनियने घ्यावी. जेथे मोटार मोकळी सरकते, तेथे वर्तमानपत्राची एक पट्टी दोन चाकांच्या मध्ये घालावी, मोटार दाबून स्क्रू आवळावेत आणि चाके फिरवून पट्टी काढून घ्यावी. कागदाच्या जाडीएवढी फट राहते, ती पुरते. स्पर धरून पिनियन हलविले तर अगदी किंचित ‘टिक’ जाणवावी. ती मुळीच नसेल तर चाके घासून मोटार तापेल. फार असेल तर दाते तुटतील.

आणखी एक बारीक गोष्ट. १७ आणि १८ यांतून आम्ही १७ निवडले, त्याला दोन कारणे होती. एक, ते लहान. दुसरे, ७० आणि १७ यांना सामाईक विभाजक नाही. ७० आणि १८ यांत दोनाचा भाग जातो, म्हणून पिनियनचा कोणताही एक दाता स्परच्या ३५ दात्यांनाच पुन्हा पुन्हा भेटत राहतो. १७ चा प्रत्येक दाता मात्र सत्तरांनाही पाळीपाळीने भेटतो, आणि झीज सर्वांवर सारखी वाटली जाते. शाळेत मसावि कशाला शिकविला, हे मला त्या रात्री कळले.

शेवटी

शर्यतीसाठी एका सहाध्यायाने आपली जुनी, साधी मोटार उसनी दिली. तिला १७ दात्यांचे पिनियन जोडून आम्ही उतरलो. आमचा क्रमांक आला शेवटून दुसरा. पण गाडीने सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या, आणि ती थांबल्यावर माझ्या मित्राने मोटारीवर बोट टेकविले ते पाचापर्यंत मोजूनच उचलले. मोजले अर्थात कन्नडमधून. उसनी मोटार आम्ही दुसऱ्या दिवशी धडधाकट परत केली.

जळालेल्या मोटारीचे पैसे मी त्याला देऊ केले. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, “पैसे नकोत. पुढच्या पोरांना कळेल असं लिही. तू मराठीत लिही, मी कन्नडमध्ये लिहितो.” त्याचा लेख याच अंकाच्या कन्नड विभागात आहे. आकडे दोन्हीकडे तेच आहेत. मात्र ते त्याने तपासले आहेत, तेव्हा वाचकांनी निर्धास्त असावे.